अर्ज, शिफारस आणि वृत्त : धाराशिव जिल्ह्यातील आमदार व मतदार

'आमदार' हा शब्द भारताच्या संविधानात आढळत नाही. तेथे 'विधानसभेचा सदस्य' आहे. कायदे करणे, अर्थसंकल्पास संमती देणे व मंत्रिमंडळास जाब विचारणे ही त्याची कामे होत. लोकभाषेने मात्र अरबी 'आम' आणि फारसी 'दार' ह्यांचा संयोग पत्करून त्यास जमीनदार, जहागीरदार, ठाणेदार ह्यांच्या पंक्तीत बसविले. धाराशिव जिल्ह्यात आमदाराविषयी जे वृत्त छापले जाते ते बहुधा ह्या लोकशब्दालाच जागते. अमुक गावाचा रस्ता, तमुक वस्तीचे विजेचे रोहित्र, रुग्णास साहाय्य, पीकविम्याची रक्कम हे त्याचे विषय. सभागृहात कोणत्या विधेयकावर तो काय बोलला, हे त्यात क्वचितच येते. आजच्या राजकारणाच्या सवयींवर बोट ठेवून ह्या गोष्टीचा पुरता उलगडा होत नाही. तिची मुळे ह्या जिल्ह्यातील कचेरीच्या भाषेत शोधावी लागतात.

हैदराबाद संस्थानात १८८४ मध्ये फारसीची जागा उर्दूने घेतली. धाराशिवास पुढे सातवे निझाम मीर उस्मान अली खान ह्यांच्या नावावरून उस्मानाबाद हे नाव मिळाले. परंतु जिल्ह्यातील बहुसंख्य रयत मराठी बोलणारीच राहिली. शीव ओलांडून बार्शीस गेले की मुंबई इलाख्याचा अंमल लागे. तेथे मामलेदार आणि तलाठी. अलीकडे तहसीलदार, गिरदावर, पेशकार आणि पटवारी. घरात एकच भाषा बोलणाऱ्या दोन शेजारी तालुक्यांतील माणसे सरकारापुढे मात्र दोन भाषांतून उभी राहत. उर्दू न जाणणाऱ्या कुणब्याचे गाऱ्हाणे 'दरखास्त' व्हावयाचे, तर मध्ये अर्जनवीस हवा. त्या दरखास्तीचा साचाही ठरलेला असे : अर्जदार स्वतःस 'फिदवी' म्हणवी आणि अधिकारी 'हुजूर' असे. मागणी न्याय्य असली तरी वाक्यरचना कृपायाचनेची असे, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी निझामाची सत्ता संपली. १९५० च्या हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियमाने 'संरक्षित कूळ' हा नवा हक्कदार निर्माण केला, आणि १९५२ च्या निवडणुकीने प्रौढ मतदाराला प्रथमच प्रतिनिधी दिला. उस्मानाबादचे फुलचंद गांधी हैदराबादच्या पहिल्या लोकनियुक्त मंत्रिमंडळात मंत्री होते. कायदा आला, प्रतिनिधी आला. तथापि कुळाचे नाव लागावयाचे ते पटवाऱ्याच्या दप्तरात, आणि त्या दप्तराची परिभाषा पूर्वीचीच. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला व १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. बारा वर्षांत तीन वेळा राज्य पालटले. हैदराबादकडे लागलेली दृष्टी मुंबईकडे वळवावी लागली, गिरदावर जाऊन मंडल निरीक्षक आला, पटवाऱ्याचा तलाठी झाला. २६ जानेवारी १९६५ पासून मराठी ही राज्याची राजभाषा झाली आणि 'दरखास्ती'चे 'निवेदन' झाले. ह्या उलथापालथीत अर्जनवीसाचे काम ज्याच्याकडे चालत आले तो आमदार. कोणते कागद कोठे द्यावयाचे हे ज्याला कळते, असा गावाच्या ओळखीचा तोच एक माणूस उरला होता.

ह्यात आणखी एक पेच होता. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा व पंचायत समित्या अस्तित्वात आल्या. शाळा, विहिरी, गावरस्ते त्यांच्याकडे गेले. आमदारास मात्र जिल्हा परिषदेचे पदसिद्ध सदस्यत्व देण्यात आले नाही. मतदार ज्या कामासाठी दारी येई, त्या कामावर आमदाराचा अधिकारच चालत नसे. हाती राहिले ते शिफारसपत्र. शेतकरी कामगार पक्षाचे उद्धवराव पाटील ह्यांच्यासारख्या विरोधी बाकांवरील आमदारास सभागृहातील प्रश्न हे दुसरे शस्त्र होते. पण तारांकित प्रश्नाचे उत्तर खेड्यात पोचणे कठीण. शिफारसपत्र मात्र खिशात घालून नेता येते.

ह्या परंपरेला छेद देणारे एक उदाहरण लक्षणीय आहे. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणारे हजारो हात ह्या जिल्ह्याने पाहिले. त्या काळात विस्तारलेल्या रोजगार हमी योजनेस १९७७ मध्ये कायद्याचे रूप मिळाले आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. 'मागेल त्याला काम' ह्या सूत्रात मागणारा हाच मुख्य आहे. देणाऱ्याचा उल्लेखही नाही. काम मागण्यास ठरलेला नमुना, त्याची पोच, मुदतीत काम न मिळाल्यास भत्ता, अशी ही व्यवस्था कागदावर तरी शिफारशीवाचून चालावयाची होती.

वृत्तलेखनाने हे सूत्र उचलले नाही, ही खेदाची गोष्ट होय. मराठीत '-ऊन देणे' हे संयुक्त क्रियापद परोपकाराचा अर्थ वाहते : 'वाचून दिले', 'लिहून दिले'. आमदाराच्या वृत्तात हेच क्रियापद सर्वत्र संचार करते. रस्ता 'मंजूर करून दिला', अनुदान 'मिळवून दिले', प्रश्न 'सोडवून दिला'. 'रस्ता मंजूर झाला' ह्या वाक्यात शासन निदान अध्याहृत तरी असते. 'मंजूर करून दिला' म्हणताच ते लोपते, आणि करदाता मतदार चतुर्थीत जाऊन बसतो. 'पाठपुरावा' हा शब्द त्या मानाने प्रामाणिक आहे. त्यात निर्णय दुसऱ्याचा आहे ही कबुली दडलेली असते.

ह्यावरून आमदाराची सेवा म्हणजे निव्वळ मिरवणूक, असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात तेव्हाच्या उमरगा तालुक्यातील सास्तूर व आसपासची गावे उद्ध्वस्त झाली. पुनर्वसनासाठी गावांचे अ, ब, क असे वर्ग पडले : अ म्हणजे स्थलांतर, ब म्हणजे जागच्या जागी पुनर्बांधणी, क म्हणजे दुरुस्ती. एका अक्षरावर कुटुंबाचे घर अवलंबून असता, ते अक्षर वाचून त्यास हरकत घेऊ शकणारा माणूस हवाच होता. ऑक्टोबर २०२२ मध्ये आमदार कैलास पाटील ह्यांनी पीकविम्याच्या रकमेसाठी उपोषण केले. हप्ता भरलेल्या शेतकऱ्याची रक्कम हा कराराचा विषय. त्यासाठी लोकप्रतिनिधीस अन्न वर्ज्य करावे लागते, ह्यात कचेरीचीही काही हकीकत आहे.

सप्टेंबर २०२३ मध्ये जिल्ह्याचे नाव अधिकृतपणे धाराशिव झाले. त्याच महिन्यात मराठवाड्यातील कुणबी नोंदी तपासण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे ह्यांची समिती नेमण्यात आली, आणि निझामकाळची दप्तरे पुन्हा उघडली. नोंदी मोडीत आणि उर्दूत आहेत. पणजोबाचे नाव शोधणारा अर्जदार आज आमदाराच्या कार्यालयातून पत्र घेऊन अभिलेखकक्षात जातो. पत्र स्वच्छ देवनागरीत असते, आणि समोरचे पान वाचण्यासाठी मोडी व उर्दू जाणणारा माणूस त्याला पुन्हा शोधावा लागतो.