घरचा बीपी: वहीत सगळे आकडे लिहा

घरी मोजलेल्या बीपीची वही डॉक्टरांच्या फार उपयोगाची असते. दवाखान्यात बीपी एक-दोनदाच मोजला जातो आणि काहींचा तिथे धास्तीनेच वाढतो. उलट काहींचा दवाखान्यात ठीक आणि घरी जास्त असतो. घरच्या आकड्यांवरून खरी स्थिती कळते, पण मशीनवर दिसलेला प्रत्येक आकडा जसाच्या तसा लिहिला असेल तरच.

आकडे कसे बदलतात?

फसवण्याचा हेतू सहसा नसतो. आकडा जास्त आला की ‘आत्ताच जिना चढून आलो’ म्हणून तो सोडून दिला जातो आणि कमी येईपर्यंत पुन्हा पुन्हा मोजले जाते. कुणी १३७ चे १३० लिहितो. कुणी तपासणीच्या आदल्या रात्री आठवडाभराचे आकडे आठवून भरतो. डॉक्टर रागावतील, गोळी वाढवतील, ही भीतीही असते. काही जण फक्त डोके दुखले की मोजतात. मग वहीत चढे आकडेच जास्त दिसतात.

डिजिटल मशीनवर शून्याने संपणारा आकडा साधारण दहातून एकदाच येतो. त्यामुळे वहीत सगळीकडे १२०, १३०, १४० असेल, तर डॉक्टरांना शंका येतेच.

याने काय बिघडते?

समजा, तीन दिवसांत सहा आकडे आले: १२८/७८, १५१/९०, १३४/८२, १४६/८८, १३१/८० आणि १५०/९२. यांची सरासरी १४०/८५ होते. त्यातले कमी असलेले तीनच लिहिले, तर सरासरी १३१/८० दिसते. घरच्या मोजणीत सरासरी १३५/८५ किंवा त्याहून जास्त असेल, तर बीपी वाढलेला मानतात. म्हणजे वाढलेला बीपी कागदावर ठीक दिसतो, उपचार आहे तोच राहतो आणि मेंदू, हृदय, मूत्रपिंड यांच्यावरचा ताण चालूच राहतो. फक्त चढे आकडे लिहिले, तर गरज नसताना औषध वाढू शकते आणि उठताना चक्कर येऊन पडण्याचा धोका असतो.

मोजण्याची पद्धत

- दंडावर पट्टा बांधायचे मशीन वापरा. पट्टा दंडाच्या मापाचा हवा. लहान पट्ट्याने आकडा जास्त येतो.
- अर्धा तास आधी चहा, तंबाखू, व्यायाम टाळा. लघवी करून या.
- पाठ टेकून, पावले जमिनीवर ठेवून पाच मिनिटे शांत बसा. पायावर पाय नको.
- हात टेबलावर, हृदयाच्या पातळीत ठेवा. पट्टा उघड्या दंडावर बांधा. मोजताना बोलू नका.
- सकाळी गोळी आणि नाश्त्याच्या आधी, तसेच संध्याकाळी, एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा. दोन्ही आकडे लिहा.
- तपासणीआधी सात दिवस असे करा. सरासरी काढताना पहिला दिवस सोडतात, पण तोही लिहून ठेवा.

जिना चढल्यावर किंवा भांडणानंतर मोजले असेल, तर आकडा खोडू नका. शेजारी कारण लिहा. गोळी चुकली असेल तर तेही लिहा.

घरच्यांसाठी

आई-वडिलांचा बीपी तुम्ही मोजत असाल, तर आकडा पाहून ‘बघा, लोणचे खाल्लेत ना!’ असे लगेच बोलू नका. बोलणी बसू लागली की आकडे लपवले जातात. एकाच मशीनवर दोघे मोजत असतील, तर नावे टाकून वेगळी पाने ठेवा. मशीनमध्ये मेमरी असेल, तर तपासणीला मशीनही सोबत आणा. वहीशी ताळा करता येतो आणि मशीन बरोबर आहे का, तेही पाहता येते.

केव्हा थांबू नये?

वरचा आकडा १८० किंवा खालचा १२० च्या पुढे गेला, तर पाच मिनिटे शांत बसून पुन्हा मोजा. तेवढाच राहिला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. मात्र छातीत दुखणे, दम लागणे, बोबडी वळणे, तोंड वाकडे होणे, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे किंवा अचानक कमी दिसणे, यांपैकी काहीही असेल, तर पुन्हा मोजत न बसता लगेच रुग्णालयात जा.

एका आकड्यावरून गोळी स्वतःहून वाढवू, कमी करू किंवा बंद करू नका. आकडा जास्त आला म्हणजे तुमचे काही चुकले, असे नाही. तुमचे औषध त्याच वहीवरून ठरते, म्हणून आकडा आवडो न आवडो, तो लिहाच.