सक्ती कोणावर, हुद्दा कोणाला

भीमाशंकरच्या डोंगरपट्ट्यातून सरकारी फौजेत माणसं कशी गेली, याचं सगळ्यात बारकाईचं वर्णन इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरमध्ये सापडतं. १८५७ साली भागोजी नाईकाच्या भिल्लांचं बंड मोडण्यासाठी कॅप्टन नटॉलनं कोळ्यांची पलटण उभी केली. माणसं मुख्यतः जुन्नर, अकोले आणि नाशिककडच्या डोंगराळ मुलखातली. डिसेंबरात शंभर जण आपापल्या तलवारी-बंदुका घेऊन तयार झाले, पुढे आकडा सहाशेवर गेला. डोक्याला गर्द हिरवं पागोटं, अंगात हिरवा डगला, गुडघ्यापर्यंत गडद तांबडं धोतर, पायात वहाणा. तंबू नाही, सामानाची गाडी नाही. स्वयंपाकाची भांडी आपसात वाटून घ्यायची आणि दिवसाकाठी तीस-चाळीस मैल डोंगर तुडवायचा. मुक्कामाला पोचल्यावर पहिलं काम काय, तर बंदूक पुसणं.

भरतीची तऱ्हा पाहण्यासारखी आहे. नटॉल एकेकट्या पोराच्या मागे लागला नाही. त्यानं कुळींच्या प्रमुखांना गाठलं: जितकी माणसं आणाल तितका मोठा हुद्दा. जावजी नाईक बांबळे पलटणीचा मुख्य झाला. ज्या बंडखोर राघोजी भांगरेला इंग्रजांनी १८४८ मध्ये ठाण्यात फाशी दिलं, त्याच्या भावालाही अधिकाराची जागा मिळाली. कागदोपत्री ही खुशीची भरती. पण नाईकानं नाव घेतल्यावर ‘मी नाही येत’ म्हणायची सोय किती पोरांना असेल, हे ज्यानं त्यानं ओळखावं. १८६१ मध्ये पलटण मोडली, काही जण पोलिसांत गेले.

भरतीच्या या यादीत बाई नाही, आणि त्यात नवल नाही. पण सरकारनं बायकांची यादी कधी केलीच नाही, असं मात्र म्हणता येत नाही. पेशवाईच्या दफ्तरात कुणबिणींच्या नोंदी आहेत. दुष्काळात विकल्या गेलेल्या, मुलूखगिरीत धरून आणलेल्या, नाहीतर बदकर्माचा आरोप ठेवून सरकारजमा केलेल्या या बायका. त्यांना किल्ल्यांवर पाठवत. कोठीतलं धान्य कांडणं-दळणं, पागेची झाडलोट, पाणी भरणं ही त्यांची कामं. गड म्हणजे लष्करी ठाणं. तेव्हा लष्कराच्या सेवेत सक्तीनं घेतलेल्या बायका म्हणून मी तरी आधी यांच्याकडेच बोट दाखवीन. ताराबाई, उमाबाई दाभाडे यांची नावं अशा वेळी हमखास निघतात. त्या थोरच. पण फौज त्यांच्या हुकमात होती, त्या फौजेच्या सक्तीत नव्हत्या.

किल्ल्याच्या घेऱ्यात राखण करणाऱ्या पुरुषाला चाकरीच्या बदल्यात जमीन किंवा हक्क मिळे. कुणबिणीला शेर-मापट्यानं धान्य आणि अंगावर लुगडं. १८१८ नंतर गडांवरची चाकरी गेली, हक्क कापले गेले, आणि कोळी नाईक बंडाला उठले. त्यांच्याजवळ गमावण्यासारखं काही होतं. कुणबिणीच्या बंडाची गोष्ट कोणी सांगत नाही.

गड गेले तरी वेठ राहिली. सरकारी साहेबाचं सामान डोक्यावरून घाटावर चढवायचं, सावकाराच्या खळ्यात फुकट राबायचं. ठाणे जिल्ह्यात तर लग्नगडी होता: लग्नासाठी घेतलेलं कर्ज फिटेपर्यंत नवरा-बायको दोघंही सावकाराच्या दाराशी बांधलेली. १९४५ च्या वारली उठावानं त्यावर घाव घातला. वेठीला बाई चालत होतीच, हे लक्षात ठेवायला हवं.

संविधानाच्या कलम २३ नं वेठबिगारीवर बंदी घातली. त्याच कलमाच्या दुसऱ्या भागात एक दार मात्र उघडं आहे. सार्वजनिक कामासाठी राज्य सक्तीची सेवा लादू शकतं. फक्त धर्म, वंश, जात किंवा वर्ग एवढ्यावरूनच भेदभाव करता येणार नाही. यात लिंगाचा उल्लेख नाही. भेदभावाला मनाई करणाऱ्या कलम १५ मध्ये तो ठळक आहे. म्हणजे उद्या सक्तीची लष्करी सेवा आलीच, तर ती फक्त पुरुषांवर लादायला कलम २३ आडवं येत नाही.

भारतीयांवर तशी वेळ आलेली नाही. १९१७ मध्ये आणि पुन्हा १९४० मध्ये इथे सक्ती झाली ती युरोपीय ब्रिटिश पुरुषांवर. डिसेंबर १९४१ मध्ये ब्रिटननं वीस ते तीस वयाच्या अविवाहित बायकांनाही युद्धसेवेसाठी बोलावलं. नॉर्वेनं २०१५ पासून, डेन्मार्कनं जुलै २०२५ पासून मुलींना सक्तीच्या कक्षेत आणलं. अमेरिकेत अजून मुलांचीच नोंदणी होते. तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं १९८१ मध्ये कारण दिलं, की बायकांना आघाडीवर लढायची परवानगीच नाही, मग नोंदणी कशाला? आधी दार लावून घ्यायचं आणि मग आत कोणी नाही म्हणायचं, असला हा न्याय. आघाडीचं दार २०१५ मध्ये उघडलं, नोंदणीचा कायदा जागचा हलला नाही.

आपल्याकडचं दार म्हणजे १९५० च्या लष्कर कायद्याचं कलम १२. केंद्र सरकार अधिसूचना काढील तेवढ्याच शाखांत बाईला प्रवेश. १९९२ पासून अधिकारी म्हणून काही शाखा उघडल्या, कायम कमिशनसाठी २०२० चा निकाल लागला. पुणे जिल्ह्यातच, खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, म्हणजे एनडीएत, मुलींना परीक्षा द्यायला मिळाली ती सर्वोच्च न्यायालयाच्या ऑगस्ट २०२१ च्या हंगामी आदेशानंतर.

सक्तीची नोंदणी कोणाचीच नसावी, असं माझं मत. पण ती करायचीच ठरली तर ‘बायकांना वगळून त्यांच्यावर मेहेरबानी केली’ असं कोणी सांगू नये. या डोंगरात यादीत नाव असणाऱ्याला हुद्दा मिळाला, जमीन मिळाली. यादीबाहेरच्या राबण्याला काही मिळालं नाही. आणि बायकांवर सक्ती करू म्हणणाऱ्यांनाही एक विचारायचं आहे. एनडीएच्या २०२२ च्या पहिल्या तुकडीत चारशे जागांपैकी मुलींना १९ होत्या. १९ च का, असं न्यायालयानंच सरकारला विचारलं होतं. स्वखुशीनं येणाऱ्यांना जागा मोजून देणारं सरकार नाखुशांना कोणत्या तोंडानं बोलावणार?