लग्नाच्या पाहुण्यांसाठी स्वागताची परडी

सौदीतल्या आपल्या मुलामुलींची लग्नं होतात गावी, सुट्टीत. बाहेरगावच्या पाहुण्यांच्या खोलीत आम्ही बुरुडाकडची परडी ठेवतो. तिच्यात पाणी, चिवडा, बेसनाचे लाडू, ओडोमॉस, मुहूर्ताच्या वेळा, यजमानांचा फोन नंबर. शिवाय इथला खजूर: मदिनेचा अजवा किंवा कसीमचा सुक्करी. सुक्करी फार मऊ, म्हणून डबाबंदच न्यावा.

पाहुण्यांत इथले शेजारी असतील तर त्यांच्या परडीत अनारसे मात्र नकोत! सौदीत खसखशीला अमली पदार्थ म्हणून बंदी आहे. उरलेला अनारसा बॅगेतून दम्मामच्या विमानतळावर पोचला, तर तुरुंगाची वेळ येऊ शकते. आमच्या आयांना हे पटवताना नाकी नऊ आले! त्या परड्यांत आम्ही अनारशांऐवजी दोन लाडू जास्त घालतो.