भय, भक्ती आणि हेब्बाळची शिळा

मनुष्य देवापुढे हात जोडतो तो भयाने की प्रेमाने, हा प्रश्न फार जुना आहे. स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम याने १७५७ साली प्रसिद्ध केलेल्या धर्माच्या इतिहासावरील ग्रंथात असे प्रतिपादन केले, की अनिश्चित भविष्याची भीती आणि तिच्या जोडीची आशा यांतून माणसाने देव कल्पिले. आमच्याकडे गीतेने भक्तांचे चार प्रकार सांगितले, आणि त्यांत संकटाने गांजलेल्या ‘आर्ता’लाही मानाचे स्थान दिले. दोन्ही मते ग्रंथांतली आहेत. आम्ही जेथे येऊन स्थायिक झालो, त्या भूमीचा इतिहास याविषयी काय सांगतो, हे पाहणे आम्हांस अधिक उद्बोधक वाटते.

हेब्बाळ म्हटले की आज डोळ्यांपुढे येतो तो उड्डाणपूल, तलाव आणि विमानतळाकडे धावणाऱ्या मोटारींची रांग. परंतु २०१८ साली येथे एक शिलालेख उजेडात आला. गंग राजा श्रीपुरुष याच्या राजवटीतला, इसवी सन ७५० च्या सुमाराचा हा कन्नड लेख बंगळूर शहराच्या परिसरातील अतिप्राचीन लेखांपैकी एक मानला जातो. गावावर रट्टांची फौज चालून आली असता कित्तय्या नावाचा वीर लढता लढता पडला आणि इंद्रलोकी गेला, एवढीच त्यातील हकीकत. लेखातील ‘पेर्बोळल’, म्हणजे मोठे नगर, या नावावरूनच पुढे हेब्बाळ हे नाव आले. आमच्या महाराष्ट्रात अशा शिळेला वीरगळ म्हणतात. गावोगावी वेशीजवळ ती शेंदूर माखून उभी असते. तिच्या पूजेत अकाली गेलेल्याचा आत्मा अस्वस्थ असेल ही धास्ती आहे, हे खरे. पण आमच्यासाठी कोणी प्राण दिला, ही कृतज्ञताही तिच्यात आहे. भय आणि प्रेम यांच्यामध्ये कृतज्ञतेची ही एक पायरी असते. वादाच्या भरात ती नेहमी नजरेआड होते.

निखळ भयाची पूजा पाहावयाची तर मरीआईकडे वळावे लागते. तीच कर्नाटकात मारम्मा. पटकी, देवी, गुरांची बुळकांडी अशा साथींची ही अधिष्ठात्री. आमच्या भाषेने तर रोगाचे नावच ‘देवी’ ठेवले. देवी ‘येत’ असत आणि लसही ‘देवी टोचणे’ याच नावाने ओळखली गेली. गावात साथ आली की मरीआईचा गाडा काढून तो शिवेपलीकडे नेऊन सोडावयाचा, अशी चाल महाराष्ट्रात होती. संकट शेजारच्या गावाच्या हद्दीत ढकलणारी ही पूजा प्रेमाची होती, असे कोण म्हणेल? १८९८ साली बंगळुरात प्लेग आला, लोकांनी जुने शहर सोडले, मल्लेश्वरम् आणि बसवनगुडी या मोकळ्या वस्त्या वाढीस लागल्या. आणि त्याच दहशतीतून प्लेगच्या मारम्माची देवळेही उभी राहिली.

पुढे इतिहासाने जणू एक प्रयोगच करून दाखविला. भारतात देवीची साथ १९७५ साली संपली आणि १९८० मध्ये सारे जग त्या रोगातून मुक्त झाल्याचे जाहीर झाले. म्हैसूर संस्थानाच्या काळात गुरांच्या बुळकांडीवर प्रतिबंधक द्रव तयार करणारी संस्था निघाली. तिचे कार्य आज याच हेब्बाळात पशुआरोग्य व जैविके संस्थेच्या रूपाने चालू आहे. बुळकांडी २०११ साली पृथ्वीतलावरून नाहीशी झाली. भय हेच पूजेचे एकमेव कारण असते, तर या देवींची देवळे ओस पडावयास हवी होती. तसे घडले नाही. भय नवे रूप घेते, आज ते परीक्षेचे, नोकरीचे, नव्या आजाराचे आहे, असा आक्षेप कोणी घेईल, आणि त्यात तथ्य आहे. तथापि शीतलासप्तमीला चूल न पेटविता आदल्या दिवशीचे थंड अन्न खाणाऱ्या घरांत आज देवीच्या फोडांची आठवणही नसते. तेथे उरते ती आजीने सांगितलेली कहाणी आणि सर्वांनी मिळून जेवण्यातली गोडी. भयाने लावलेले रोप पुढे मायेच्या पाण्यावर जगते.

मात्र भय जेथे तसेच राहते, तेथे त्याची किंमत दुर्बळच मोजतात. मरीआईपुढे स्वतःच्या अंगावर आसूड ओढणारा पोतराज गावकुसाबाहेरचाच असे. सौंदत्तीच्या यल्लम्माला मराठी आणि कन्नड दोन्ही भाषिक श्रद्धेने जातात. पण केसांत जट दिसली की देवीची हाक आली असे समजून मुलगी वाहण्याची चाल याच भयावर पोसली गेली. मुंबई प्रांतात १९३४ साली आणि कर्नाटकात १९८२ साली तिच्याविरुद्ध कायदे करावे लागले. देवीचा कोप होईल असे सांगणारा एक आणि तो सोसणारी दुसरीच, ही या पूजेची शोकांतिका आहे.

याच्या उलट टोकाला पंढरीचा विठोबा उभा आहे. त्याच्या हाती उगारलेले शस्त्र नाही. दोन्ही हात कटीवर आहेत. संतांनी त्याला माउली म्हटले, ज्ञानेश्वरांनी तर त्याला कानडा म्हटले. होयसळ राजा सोमेश्वर याचा १२३७ सालचा लेख पंढरपुरात आहे, आणि पुरंदरदासांनी आपल्या कन्नड पदांवर विठ्ठलाचीच मुद्रा उमटविली. डॉ. रा. चिं. ढेरे यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ या ग्रंथात या देवाचे मूळ गवळी-धनगरांच्या दैवतात शोधले, त्यापूर्वी फ्रेंच अभ्यासक देल्यूरी यांनी ते वीरगळाशी जोडून पाहिले होते. हे अनुमान वादग्रस्त आहे. पण ते खरे धरले, तर कित्तय्याच्या शिळेसारख्याच एखाद्या दगडापासून प्रेमाच्या सर्वोच्च शिखरापर्यंत आमच्या भक्तीने वाटचाल केली, असे म्हणावे लागेल.

या भूमीत आमच्या आधी आलेल्या मराठ्यांचीही एक खूण येथून जवळच आहे. शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी यांनी १६६९ साली मल्लेश्वरम् येथील काडू मल्लेश्वराला गाव इनाम दिल्याचा शिलालेख उपलब्ध आहे. त्यांच्या मनात भय होते की प्रेम, हे शिळा सांगत नाही. परंतु जेथे राहावयाचे तेथील देवाला आपला मानावयाचे, हा तिचा अर्थ स्पष्ट आहे.

आमच्यापुढचा खरा प्रश्न यातूनच निघतो. घरापासून दूर वाढणाऱ्या मुलांना आम्ही गणपतीपुढे, तुळशीपुढे उभे करतो, तेव्हा काय सांगतो? ‘नमस्कार कर, नाहीतर बाप्पा रागावेल’ हे वाक्य सोपे आहे. पण भीती ओसरली की त्या वाक्याबरोबर नमस्कारही संपेल. वीराची कृतज्ञता, शीतलेच्या दिवशीचे सहभोजन, कटीवर हात ठेवून वाट पाहणारा देव, हे सांगावयास वेळ लागतो. तो वेळ आम्ही दिला, तर भयातून प्रेमाकडे जाण्याची जी वाट आमच्या पूर्वजांना अनेक शतके चालावी लागली, तिच्या शेवटच्या टप्प्यावरूनच आमची मुले आपली वाटचाल सुरू करतील.