जालना जिल्ह्यातील पर्यटन

मराठवाड्यातील या जिल्ह्याची (स्थापना १ मे १९८१) ओळख पोलाद व बियाण्यांची. पर्यटन मुख्यतः यात्रेकरूंवर चालते. राजूरचा गणपती, अंबडची मत्स्योदरी देवी आणि समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब ही मुख्य स्थाने. चतुर्थी, नवरात्र व रामनवमीच्या गर्दीवर नारळ-फुले-प्रसाद विकणारे, खानावळवाले व रिक्षाचालक कमाई करतात. मात्र भाविक बहुधा दर्शन घेऊन त्याच दिवशी परततात, त्यामुळे मुक्कामाचा पैसा जिल्ह्यात फारसा राहत नाही. तीर्थस्थळांखेरीज, सातवाहनकालीन भोगवर्धन, म्हणजे आजचे भोकरदन, उत्खननातील हस्तिदंती मूर्तीमुळे अभ्यासकांना परिचित आहे. अजिंठ्याच्या वाटेवरील प्रवाशांनाही ते दाखवायला हवे. समृद्धी महामार्ग (२०२२) आणि मुंबईला जाणारी वंदे भारत रेल्वे (२०२३) यांनी प्रवास सुकर केला.