सुटीवाचून देशाटन



देशाटनाचा आनंद या विषयावर बोलण्यास आम्हांला सांगण्यात आले तेव्हा आम्हांला थोडा संकोच वाटला. आमचे शाळेतले शिक्षण बेताचे. पुढचे जे काही झाले ते युनियनच्या कचेरीतल्या एका लाकडी कपाटाने आणि रेल्वेच्या डब्यांनी केले. तरी हा विषय आम्ही घेतला, त्याला एक कारण आहे. काही वर्षांपूर्वी देवरीतच एका सभेत आम्ही बिडी कामगारांपुढे प्रवासाचे गुण गात होतो. देश मोठा आहे, नाना भाषा आहेत, नाना अन्ने आहेत, माणसाने एकदा तरी तो पाहावा, असे आमचे चालले होते. मागच्या रांगेतून एक बाई उठल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, तुमी सांगता ते सारं खरं. पण सुट्टी कोन देईल?" सभा हसली. आम्हीही हसलो. घरी गेल्यावर मात्र हसू आले नाही. आजचे आमचे भाषण म्हणजे त्या प्रश्नाला, जरा उशिराच दिलेले, उत्तर आहे.

आपले देवरी मुंबई-कलकत्ता हमरस्त्यावर वसले आहे. नागपूरहून भंडारा, साकोली, देवरी असा रायपूरकडे जाणारा हा मार्ग. जुन्या दप्तरांत त्याला ग्रेट ईस्टर्न रोड म्हणत. पुढे तो राष्ट्रीय महामार्ग क्रमांक 6 झाला, आता 53 आहे. चहाच्या टपरीवर अर्धा तास बसावे, आणि पंजाब, बंगाल, ओडिशा, गुजरात अशा साऱ्या प्रांतांच्या नंबरपाट्या डोळ्यांपुढून जातात. सारा देश आमच्या दारावरून जातो. पण दारातली माणसे देश पाहावयास कितीशी जातात? जातात ती कामाला. नागपूरला, हैदराबादला, जिथे बांधकाम असेल तिथे. परत आल्यावर विचारावे, "काय पाहिले?" तर उत्तर मिळते, "जी भिंत बांधली ती पाहिली." तेव्हा घर सोडणे निराळे आणि देशाटन निराळे, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे.

पूर्वी आपल्याकडे साधा माणूस देश पाही, तो यात्रेच्या निमित्ताने. पुण्य हे कारण घरी सांगावयाचे; वाटेत मौज होई, ती देवाला माहीत. वरसईचे विष्णुभट गोडसे यांचे उदाहरण घ्या. घरात कर्ज झालेले. बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, तेथे दक्षिणा मिळेल, असे ऐकून हा गरीब भिक्षुक 1857 साली चुलत्यांबरोबर उत्तरेकडे निघाला. वाटेतच बंड उसळले. झांशीच्या वेढ्यात सापडले, लुटले गेले, उपाशी राहिले, आणि शेवटी गंगेची कावड खांद्यावर घेऊन घरी परतले. त्यांचा 'माझा प्रवास' हा ग्रंथ 1907 साली चिंतामण विनायक वैद्य यांनी प्रसिद्ध केला. तो वाचताना एक गोष्ट आमच्या मनात भरली. निघाले होते पैशासाठी, जीव होता संकटात. पण नवे गाव दिसले की हा गृहस्थ सारे विसरून पाहू लागतो. राणीचा दिनक्रम कसा, शहर कसे, माणसे कशी, हे त्याला सांगितल्यावाचून राहवत नाही. पाहण्याची ही भूक गरिबाला श्रीमंताइतकीच असते. खिशात पैसा आहे की नाही हे ती विचारीत नाही.

दुसरे उदाहरण पंडिता रमाबाईंचे. वडील अनंतशास्त्री डोंगरे कुटुंबासह तीर्थोतीर्थी पुराण सांगत हिंडत. दुष्काळात आईबाप गेले. त्यानंतर रमाबाई आणि त्यांचा भाऊ असे दोघेच पायी देशभर फिरले, आणि 1878 साली कलकत्त्यास पोहोचले. तेथल्या विद्वानांनी या तरुण मुलीला 'पंडिता' ही पदवी दिली. या चालण्यात सुख किती आणि भूक किती, याचा हिशेब आपण घरबसल्या मांडू नये. परंतु विधवांची, टाकलेल्या बायकांची जी स्थिती त्यांनी पुढे जगापुढे ठेवली, ती त्यांनी आधी वाटेत स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती.

मग आगगाडी आली. 1853 च्या 16 एप्रिलला मुंबई ते ठाणे ही पहिली गाडी धावली. आमच्या बाजूला नागपूरहून राजनांदगावपर्यंतची अरुंद रुळांची छत्तीसगड रेल्वे 1882 साली पुरी झाली. 1887 साली बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली आणि तिने तो मार्ग रुंद केला. देवरीच्या माणसाला आमगावला जाऊन गाडी धरावी लागते, तो हाच मार्ग. ही रेल्वे धान्य, लाकूड आणि खनिज नेण्यासाठी बांधली गेली, हे खरे. पण तिसऱ्या वर्गाच्या डब्यात यात्रेकरूंनी आणि मजुरांनी इतकी गर्दी केली की माणूस हेही मोठे उत्पन्न आहे, हे कंपन्यांना कळून चुकले.

उत्पन्न घेतले, पण बसावयास जागा दिली नाही. 1915 साली गांधीजी आफ्रिकेतून परतले तेव्हा नामदार गोखल्यांनी त्यांना सांगितले की एक वर्ष देश पाहा, तोवर सार्वजनिक प्रश्नांवर बोलू नका. गोखले त्याच फेब्रुवारीत वारले; गांधीजींनी शब्द पाळला आणि तिसऱ्या वर्गाने देश पाहिला. 1917 च्या सप्टेंबरात ते मुंबईहून मद्रासला गेले. भाडे तेरा रुपये नऊ आणे. डब्यावर 22 उतारूंची पाटी, आणि आत बराच काळ 35 माणसे. घाण, धक्काबुक्की, निजावयास जागा नाही. हे सारे त्यांनी लिहून छापले. सांगावयाचे एवढेच, की ज्या माणसाने पुढे साऱ्या देशाला हाक घातली, त्याने आधी तो देश तिसऱ्या वर्गाच्या बाकावरून ओळखून घेतला होता.

आता त्या बाईंच्या प्रश्नाकडे येऊ. सुटी कोण देईल? इतिहासाचे उत्तर असे की, मागितल्याशिवाय आणि एकजुटीशिवाय ती कोणी दिलेली नाही. मुंबईच्या गिरण्यांत एके काळी आठवड्याचा ठरलेला विश्रांतीचा वार नव्हता. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 साली गिरणीकामगारांची सभा भरवली, पाच हजारांहून अधिक कामगारांच्या सह्यांचा अर्ज केला, आणि त्यात रविवारची सुटी मागितली. रविवार हा खंडोबाचा वार, त्या दिवशी आमच्या माणसाला देवाला जाऊ द्या, हेही एक कारण ते देत. सहा वर्षे ही मागणी लावून धरावी लागली. 1890 च्या एप्रिलात महालक्ष्मीच्या मैदानावर हजारो कामगार जमले, स्त्री-कामगारही त्या सभेत बोलल्या. आणि 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली. आज साऱ्या देशाला रविवार म्हणजे जणू पंचांगातच लिहिलेला वाटतो. तो मुळात घाम गाळणाऱ्यांनी मिळवलेला वार आहे.

एका रविवारात जेजुरी होते. जगन्नाथपुरी होत नाही. त्याला सलग आणि पगारी रजा लागते. ती 1948 च्या कारखाना कायद्याने दिली: वर्षात 240 दिवस भरले की दर वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस. 1956 साली केंद्र सरकारच्या नोकरांना रजा-प्रवासाची सवलत मिळाली. पोस्टातला माणूस बायकामुलांना घेऊन गावाबाहेर पडू लागला तो तेव्हापासून. तिसरा वर्ग 1974 साली गेला. त्याच वर्षीच्या मे महिन्यात रेल्वे कामगारांचा मोठा संप झाला आणि चिरडला गेला. पुढे 1977 साली आपले मधु दंडवते रेल्वेमंत्री झाले. त्यांनी संपात काढून टाकलेल्या कामगारांना परत घेतले, आणि दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर दोन इंचांचा फोम बसविण्यास आरंभ केला. दोन इंच म्हणजे फार नव्हे. पण दोन रात्री त्या फळीवर काढलेल्या माणसाला विचारा, म्हणजे राज्यकारभार कशाला म्हणतात ते तो सांगेल.

असे हे तीन हप्त्यांत आले: आधी वार, मग रजा, मग बसण्यास जागा. परंतु आमच्या त्या बाईंपर्यंत यांतले काय पोहोचले? बिडी कामगारांसाठी 1966 साली निराळा कायदा झाला, त्यातही वीस दिवसांमागे एक दिवस पगारी रजा लिहिलेली होती. 2025 च्या नोव्हेंबरात हे जुने कायदे नव्या श्रमसंहितांत सामावले गेले. कागद बदलले. पण घरी बसून बिड्या वळणारी बाई ठेकेदाराच्या वहीत कामगार म्हणून नीट लिहिलेलीच नसेल, तर तिची रजा कोणत्या पानावर मोजावयाची?

आमचाच एक अनुभव सांगतो. बिडी कामगारांच्या एका बैठकीसाठी आम्ही अकरा जणींना घेऊन संबलपूरला गेलो होतो. भाडे युनियनच्या फंडातून, मजुरी ज्याची त्याने बुडवावयाची. तेथे गेल्यावर असे झाले की आमच्या बायकांना ओडिया येईना, त्यांना मराठी येईना. मग एकीने पिशवीतून एक पान काढले. आमच्या बायका म्हणाल्या, तेंदू. त्या म्हणाल्या, केंदू. एका अक्षराचा फरक! मग हिशेब निघाला. आमच्याकडे पुडक्यात सत्तर पाने. बाघ नदी ओलांडून छत्तीसगडात गेले की पन्नास. आणि त्यांच्याकडे वीस. मग कोणाला किती मिळते, पान डागी म्हणून कोण बाजूला टाकते, छाट किती जाते, हे सारे बोटांवर आणि मोडक्या हिंदीत दुपारभर चालले. देशाच्या विविधतेवर आम्ही पुष्कळ व्याख्याने ऐकली आहेत. त्या दुपारइतकी ती आम्हांला कधी समजली नव्हती. पान एक, कष्ट एक, आणि मोजण्याच्या रीती तीन.

बैठक संपल्यावर दोन दिवस काढून आम्ही पुरीला गेलो. अकरांपैकी एकीनेही तोवर समुद्र पाहिला नव्हता. दर्शन झाले, मग सगळ्या वाळूवर गेल्या. एका बाईने पाणी ओंजळीत घेऊन चाखले, थुंकले, आणि म्हणाली, "बापा, एवढं पानी, अन् धानाच्या कामाचं नाही!" मग सगळ्याजणी संध्याकाळपर्यंत लाटांत उभ्या राहिल्या. कोणी कोणाशी फारसे बोलले नाही.

परत आल्यावर त्यांतल्या दोघींचे काम बंद झालेले होते. फिरावयास पैसा आहे तर काम कशाला पाहिजे, असे त्यांना ऐकविण्यात आले. आम्ही तीन आठवडे रोज दारात जाऊन बसलो, तेव्हा त्यांना पत्ता आणि जर्दा पुन्हा मिळू लागला. समुद्र पाहण्याची ही किंमत. यात आमचाही दोष होता. रजेचा अर्ज लेखी देऊन पोच घ्यावयास हवी होती, ती आम्ही घेतली नव्हती. त्यानंतर घेऊ लागलो.

आणि 2020 चा उन्हाळा आपणांपैकी कोणी विसरला नसेल. 25 मार्चपासून सारे बंद झाले. याच रस्त्याने, नागपूरच्या बाजूने, माणसे पायी येऊ लागली. डोक्यावर गाठोडे, कडेवर मूल, पायांत असली तर स्लीपर. कोणी छत्तीसगडचे, कोणी झारखंडचे, कोणी त्याहून पलीकडचे. या गावातल्या पुष्कळांनी भात रांधून, पाणी भरून रस्त्यावर नेले. रमाबाईंनी ज्या देशात पायी वाट तुडविली, त्याच देशात दीडशे वर्षांनी मजूर पुन्हा पायी चालत होता, आणि शेजारून रेल्वेचे रूळ मोकळे पडले होते. त्यांतल्या एका म्हाताऱ्याला आम्ही विचारले, "बाबा, कुठून आलात?" त्याने पुणे म्हणून सांगितले. पुणे कसे आहे, असे आम्ही बोलण्याच्या ओघात विचारून गेलो. तो म्हणाला, "बारा वर्षे होतो. पाहिले नाही."

म्हणून आम्ही म्हणतो, देशाटन ही चैन नव्हे. ज्याला देश पाहावयास सवड नाही, त्याला तो देश आपला आहे असे कोणत्या पुराव्यावर सांगावयाचे? आमच्या शेजारी सालेकसा तालुक्यात कचारगडला माघ पौर्णिमेस गोंड समाजाची यात्रा भरते. महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणा, कितीतरी प्रांतांतून माणसे दरेकसाच्या डोंगरात येतात. त्यांच्या बोली निराळ्या, पागोटी निराळी. पण डोंगर चढताना सर्वांचे तोंड एका दिशेला असते. ते दृश्य एकदा पाहावे. ही माणसे घरची मजुरी बुडवून येतात, कारण ही भूक मजुरीहून जुनी आहे.

आपण शहाणीसुरती माणसे या व्याख्यानाला आलात. आपल्यांत दुकानदार आहेत, शिक्षक आहेत, कचेरीत काम करणारे आहेत. बहुतेकांनी काशी-रामेश्वर नसेल तरी काहीतरी पाहिलेले आहे. पुढच्या खेपेस सहलीचा बेत कराल तेव्हा एवढेच करा. आपल्या दुकानातला नोकर, घरातली भांडीवाली बाई, गोदामातला हमाल, यांना विचारा की तुमची रजा किती दिवसांची, आणि तिचा पगार कापला जातो काय. कापला जात असेल तर तो कापू नका. यास कायदा लागत नाही, सभा लागत नाही.

त्या बाईंना आमचे उत्तर हेच, की सुटी कोणी देत नाही. ती लिहून मागावी लागते, एकटीने नव्हे तर अकराजणींनी, आणि पोच घ्यावी लागते. त्या बाई आता साठीच्या पुढे आहेत. पुरीला गेलेल्या अकरांत त्याही होत्या. धानाच्या कामाचे नाही म्हणून समुद्राला नावे ठेवणाऱ्या त्याच.