तीरकामठा कायद्यात कुठे सापडतो?

उल्हासनगरच्या एका बी.ए.च्या मुलाने मला विचारलं, "कंपाउंड बो घेतला तर बदलापूरच्या पुढे जंगलात शिकार जमेल का? त्याचं सेटिंग कसं करतात?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात देता येतं: नाही. पण हे 'नाही' आलं कुठून, हा इतिहासाचा प्रश्न आहे. संशोधनाकडे वळणार असाल तर तो तुमच्याही कामाचा.

आधी वस्तू बघू. अमेरिकेतल्या मिसुरीच्या होलेस विल्बर ॲलन यांनी 1966 मध्ये या धनुष्याच्या पेटंटसाठी अर्ज केला, पेटंट मिळालं 1969 मध्ये. अडचण शिकाऱ्याची होती. साधं धनुष्य जितकं ओढाल तितकं जड होत जातं, आणि हरीण नीट समोर येईपर्यंत हात थरथरायला लागतो. ॲलन यांनी टोकांना विकेंद्री चाकं बसवली, म्हणजे आस मध्यभागी नसलेली. त्यामुळे सगळा जोर मधेच लागतो आणि पूर्ण ओढल्यावर एकदम उतरतो. 60 पौंडांचं धनुष्य 80 टक्के सवलत देत असेल, तर हातात उरतात फक्त 12 पौंड. बाकीची ताकद पात्यांमध्ये दबा धरून बसलेली असते.

सुरक्षेचे नियम याच दबलेल्या ताकदीतून येतात. बाण न लावता दोरी कधीही सोडायची नाही. बाणात जायची ऊर्जा परत धनुष्यात जाते आणि पाती, चाकं, दोरी काहीही तुटून अंगावर येऊ शकतं. फार हलका बाणही जवळपास तेच करतो. म्हणून बहुतेक उत्पादक पौंडामागे किमान 5 ग्रेन वजन मागतात, म्हणजे 60 पौंडांना 300 ग्रेन, साधारण साडेएकोणीस ग्रॅम. ओढीची लांबी काढायची तर दोन्ही हात पसरून मोजलेले इंच भागिले अडीच, हा सुरुवातीचा अंदाज; पक्कं माप प्रशिक्षकासमोरच. ओढ जास्त लांब ठेवली की दोरी कोपराखाली सणसणीत बसते. कार्बनचा बाण दर वेळी वाकवून, कान देऊन तपासायचा, कारण तडा गेलेला बाण सुटताना फुटून हातात घुसतो. आणि दोरी बदलायची ती प्रेसवरच, घरी पाय लावून नाही.

आता कायदा. 1878 साली दोन कायदे झाले: सातवा वनांचा, अकरावा शस्त्रांचा. वनकायद्याने राखीव जंगलातली शिकार, मासेमारी आणि फासे लावणं नियमांच्या कक्षेत आणलं. शस्त्रकायद्याच्या व्याख्येत बंदुका, संगिनी, तलवारी, भाले यांच्या रांगेत धनुष्यबाणही बसवला. मला हे वाचताना थांबावंच लागलं. अंबरनाथ-बदलापूरच्या डोंगराकडेच्या वाड्यांमधले कातकरी डोळ्यांसमोर आणा. खैरापासून कात काढणारे म्हणून कातकरी. तीरकामठा, गलोल आणि फासे ही त्यांची पोट भरायची साधनं. एकाच वर्षी त्यांचं जंगल एका कायद्यात गेलं आणि हातातली वस्तू दुसऱ्या.

पण इथेच नवशिका संशोधक घसरतो. व्याख्येत नाव आलं म्हणजे प्रत्येक वाडीतून धनुष्य जप्त झालं, असं नव्हे. कोणाला सूट, कुठे सूट, हे नियमांत आणि अधिसूचनांत असतं. कायद्याचं पुस्तक हेतू सांगतं, व्यवहार सांगत नाही.

पुढे 1959 च्या शस्त्रकायद्याच्या व्याख्येतून धनुष्यबाण हे शब्द गेले. पण 1972 च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्यात ते परत आले. 'हत्यार' या शब्दाच्या व्याख्येत दारूगोळ्याच्या शेजारी धनुष्यबाण आहे, जोडीला गळ, सुऱ्या, जाळी, विष, फासेही. गंमत बघा, ॲलन यांचं पेटंट जेमतेम तीन वर्षांचं होतं. तेव्हा परवान्यावर शिकार चालायची. 'मोठी शिकार', 'छोटी शिकार' अशा परवान्याच्या वर्गवाऱ्याच होत्या. 1991 च्या दुरुस्तीने ते सगळं संपलं. शिवाय शिकारीच्या व्याख्येत प्रयत्नही येतो, म्हणजे रानडुकराला न लागलेला बाणसुद्धा शिकारच.

त्याच कायद्याचं 65वं कलम निकोबार बेटांवरच्या अनुसूचित जमातींचे शिकारीचे हक्क राखून ठेवतं. कातकऱ्यांसाठी असं कलम नाही. 2006 च्या वनहक्क कायद्याने जंगलावरचे परंपरागत हक्क मान्य केले, पण तिथेही शिकारीचा आणि फासे लावण्याचा हक्क स्पष्ट शब्दांत वगळला. प्राणी वाचले पाहिजेत, यात मला शंका नाही. पण शिकारीच्या परवान्यांमुळे घटलेले प्राणी आणि वाडीतल्या हंडीसाठी मारलेला ससा यांचा हिशेब एकाच वहीत मांडला गेला, हे संशोधकाने नोंदवायलाच हवं.

ॲलन यांचं यंत्र आपल्याकडे रुजलं ते मैदानात. 2023 मध्ये बर्लिनला साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे कंपाउंड प्रकारात जगज्जेते झाले. 50 मीटरवर कागदाचं लक्ष्य, ताकदीची मर्यादा 60 पौंड. त्या मुलाला मी हेच सांगितलं: धनुष्य घे, पण आधी प्रशिक्षक आणि रेंज शोध.

तो ऐकून म्हणाला, "मग कातकऱ्यांच्या धनुष्यांचं पुढे काय झालं?" आता हा झाला विषय. मुंबईला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्य पुराभिलेखागार आहे. महसूल खात्याच्या दप्तरापासून सुरुवात करा. 1882 चं ठाणे गॅझेटिअर आणि वेलिंग यांचा कातकऱ्यांवरचा 1934 चा अभ्यास शेजारी ठेवा. आणि वाडीवर जाल तेव्हा पहिल्याच भेटीत शिकारीबद्दल विचारू नका. समोरच्याने खरं उत्तर दिलं, तर तुमच्या वहीत गुन्ह्याची कबुली लिहिली जाते. नाव, वाडी, तारीख यातलं काय टिपायचं आणि काय नाही, हे वही उघडण्याआधी मार्गदर्शकांबरोबर ठरवून घ्या.